भाऊ समोर नसताना आपण काय बोलतो

सलाम भाऊ. तुमचा प्रश्न बराच लांब आहे, म्हणून इतर वाचणाऱ्यांसाठी आधी त्याचा गोषवारा देते. तुमचं घराणं बडोद्यातल्या एका जुन्या मराठी मंडळीतलं, म्हणजे चर्चमधलं. धाकटा भाऊ काही वर्षांपूर्वी ती मंडळी सोडून एका पेंटेकॉस्टल संगतीत जाऊ लागला आणि त्याने पुन्हा, पाण्यात बुडून, बाप्तिस्मा घेतला. आईच्या पहिल्या स्मरणदिनी घरी प्रार्थना होती. सगळे नातलग बसलेले असताना तो प्रार्थनेत म्हणाला, "प्रभू, आईला खरा बाप्तिस्मा घेता आला असता तर..." आणि आमेन व्हायच्या आत तुम्ही बोलून गेलात, "तुझ्या पास्टरला दशांश पोचला की तुझं तारण झालं. आईचं नाव काढू नकोस." (दशांश म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा, जो मंडळीला देतात.) तेव्हापासून बोलणं बंद आहे. आता नाताळात तो घरी येणार. तुमचा प्रश्न असा की सत्य सोडायचं नाही पण जीभ आवरत नाही, तर मग गप्प बसू का, आणि गप्प बसणं हे भ्याडपण नाही का?

मी बडोद्यातच राहते, फतेगंजच्या बाजूला. माझे पती निवृत्त पाळक. पाळकीणबाई म्हणून घराघरांतली भांडणं माझ्यापर्यंत येत गेली. पुढे समुपदेशनाचं रीतसर शिक्षण घेतलं, आणि आता दुरावलेल्या माणसांना समोरासमोर बसवण्याचं काम करते. त्या अनुभवातून लिहिते आहे. तुमचं घर मी पाहिलेलं नाही, तुमच्या भावाची बाजू मी ऐकलेली नाही. नीतिसूत्रांत म्हटलंच आहे की पहिल्यांदा आपली बाजू मांडणारा खरा वाटतो, मग दुसरा येऊन त्याची तपासणी करतो (१८:१७). म्हणून माझं म्हणणं तुमच्यापुरतंच घ्या. त्याने काय करायला हवं होतं यावर मी फारसं लिहिणार नाही.

तुम्ही हा प्रश्न रागाचा म्हणून मांडला आहे. मला तो रागाचा वाटत नाही. दशांशाचं ते वाक्य पुन्हा वाचा. इतकं नेमकं, इतकं वर्मी लागणारं वाक्य कुणालाही आयत्या वेळी सुचत नाही. ते आधी बोललं गेलेलं असतं. कधी जेवताना पत्नीजवळ, कधी मकरपुऱ्याला कामावर जाताना सोबतच्या मित्राजवळ, कधी उपासना सुटल्यावर फाटकापाशी. दर वेळी ऐकणारा हसला असेल किंवा त्याने मान डोलावली असेल, आणि वाक्य थोडं अधिक धारदार झालं असेल. त्या दिवशी तुमचा ताबा सुटला हे खरं, पण ताबा सुटल्यावर तोंडातून तेच बाहेर पडलं जे तयार होतं. भावाच्या बाबतीतही हेच असणार. 'खरा बाप्तिस्मा' हे शब्द तो आईच्या फोटोसमोर पहिल्यांदा बोललेला नाही.

एवढ्या भांडणांत बसून माझं एक मत पक्कं झालं आहे. ख्रिस्ती माणसांचे मतभेद समोरासमोर चिघळतात ते अखेरीस. त्याआधी कितीतरी दिवस ते पाठीमागे चिघळत असतात. जिभेवरचा संयम वादाच्या त्या दोन मिनिटांत कमवायला गेलं तर जवळजवळ कुणालाच जमत नाही. समोरचा माणूस खोलीत नसताना त्याच्याविषयी आपण कसे बोलतो, तिथे तो कमवावा लागतो.

प्रेषितांची कृत्ये, पंधरावा अध्याय घ्या. तो आपण यरुशलेमेच्या सभेसाठी वाचतो आणि शेवटच्या पाच-सहा ओळी भरकन ओलांडतो. आधीच्या प्रवासात अर्ध्यावर सोडून गेलेल्या योहान मार्कला पुन्हा सोबत न्यायचं की नाही यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात इतका कडाक्याचा वाद झाला की दोघे वेगळे झाले. बर्णबा मार्कला घेऊन कुप्राला गेला, पौल सीलाला घेऊन सूरिया आणि किलिकियाकडे. त्या वेळी कोण कुणाला काय बोललं ते हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकने लिहिलेलं नाही. मात्र पौल त्यानंतर या दोघांविषयी कसा बोलला हे आपल्या हातात आहे. करिंथकरांस पहिल्या पत्रात (९:६) तो बर्णबाला आपल्या बरोबरीने उभा करतो: हाताने कष्ट करून पोट भरणारे आम्ही दोघे. कलस्सैच्या मंडळीला तो सांगतो की मार्क आला तर त्याचं स्वागत करा (४:१०). आणि तीमथ्याला लिहितो की मार्कला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे (२ तीमथ्य ४:११). ज्याच्यावरून जोडीदार तुटला त्याच माणसाविषयी हे शब्द आहेत, आणि तीमथ्याला लिहिताना तर तो माणूस जवळही नव्हता. मधल्या वर्षांत पौल जागोजागी मार्कच्या पळपुटेपणाची गोष्ट सांगत फिरला असता तर हे शेवटचं वाक्य लिहिणं त्याला जमलं असतं का?

तुम्ही मेथडिस्ट आहात की नाही ते लिहिलेलं नाही. बडोद्यात आपल्यातली बरीच कुटुंबं तशी आहेत. मेथडिस्ट चळवळ सुरू करणारे इंग्लंडचे जॉन वेस्ली आणि त्यांचे सहकारी प्रवचनकार जॉर्ज व्हिटफील्ड यांची गोष्ट मात्र कुठल्याही मंडळीतल्या माणसाने माहीत करून घ्यावी. देव काही जणांनाच तारणासाठी निवडतो का, या प्रश्नावर दोघांचं टोकाचं दुमत होतं. वेस्लींनी १७३९ मध्ये त्यावर प्रवचन दिलं आणि छापलं, व्हिटफील्डनी १७४१ मध्ये जाहीर उत्तर छापलं, अनुयायांत फूट पडली. त्याच १७४१ च्या फेब्रुवारीत काय झालं बघा. व्हिटफील्डनी वेस्लींना लिहिलेलं एक खासगी पत्र कुणीतरी दोघांच्याही परवानगीशिवाय छापलं आणि लंडनला वेस्लींच्या फाउंडरी नावाच्या सभागृहाच्या दारात लोकांना वाटलं. प्रवचन झाल्यावर वेस्लींनी घडलं ते सरळ सांगितलं, आणि म्हणाले की व्हिटफील्ड स्वतः इथे असते तर त्यांनी जे केलं असतं तेच मी करतो. त्यांनी आपल्या हातातली प्रत सगळ्यांसमोर फाडली. लोकांनीही आपापल्या प्रती फाडल्या.

ते पत्र वेस्लींच्या विरोधात होतं. ते वाचून दाखवून एकेका मुद्द्याची चिरफाड करायची आयती संधी त्यांना होती, समोर बसलेले सगळे त्यांचेच होते. त्यांनी गैरहजर माणसाचा मान राखला. मत मात्र बदललं नाही. छापील वाद पुढेही चालू राहिला. पण दोघांची मैत्री पुन्हा जुळली, आणि १७७० मध्ये व्हिटफील्ड वारले तेव्हा त्यांच्याच इच्छेप्रमाणे स्मरणाचं प्रवचन वेस्लींनी केलं. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाचा तरी खासगी मेसेज पुढे ढकलला जातो तेव्हा मला हा प्रसंग आठवतो. आपल्याकडे आलेला तसा मेसेज आपल्या फोनवरच थांबवता येतो. ग्रुपवर भाष्य करायची गरज नसते.

आता प्रार्थनेविषयी थोडं अधिक बोलते, कारण तुमच्या घरी ठिणगी तिथेच पडली आणि आपल्या लोकांत हे फार चालतं. जे माणसाला तोंडावर म्हणता येत नाही ते आपण डोळे मिटून देवाला सांगतो, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "प्रभू, ज्यांचे डोळे अजून उघडले नाहीत त्यांना दर्शन दे." "प्रभू, या मंडळीतल्या नामधारी ख्रिस्ती लोकांवर दया कर." दुसऱ्या बाजूने, "प्रभू, जे नव्या नव्या वाऱ्याने वाहवत जातात त्यांना परत आण." समोरच्याला उत्तर देता येत नाही, कारण मध्येच बोललं तर प्रार्थनेचा भंग. हाच प्रकार साक्ष देताना होतो. आणि तिसरा प्रकार प्रार्थनेच्या विषयाचा: "त्यांच्या घरासाठी प्रार्थना करा हो, मी जास्त काही सांगत नाही," आणि मग सगळंच सांगून होतं. याकोब लिहितो की याच जिभेने आपण पित्याचा धन्यवाद करतो आणि याच जिभेने देवाच्या प्रतिमेच्या माणसांना शाप देतो (३:९). मला वाटतं प्रार्थनेतला टोमणा ही दोन्ही कामं एकाच वाक्यात उरकतो, म्हणून तो साध्या शिवीपेक्षा अधिक लागतो. माझ्याकडे समेटाला बसणाऱ्यांना मी पहिली अट हीच घालते की सुरुवातीची आणि शेवटची प्रार्थना मी करेन. तुम्ही मनातल्या मनात हवं ते देवाला सांगा.

भावाने जे केलं ते चुकीचं होतं असं मला वाटतं, पण तिथे आणखी काहीतरी असावं. आई जाऊन वर्ष झालं होतं. त्याच्या नव्या शिकवणीप्रमाणे बुडून घेतलेला बाप्तिस्मा राहून जाणं ही गंभीर गोष्ट असेल, तर आई कुठे आहे, ही भीती तो रोज उराशी घेऊन झोपत असेल. प्रार्थनेत जे बाहेर आलं त्यातला काही भाग टोमणा असेल आणि काही भाग ही भीती. तुम्हाला टोमणा तेवढा ऐकू आला, कारण तुम्ही स्वतः दुःखात होतात. बाप्तिस्म्यावरच्या वादाखाली दोन मुलांचं आईसाठीचं रडणं दबलेलं असलं, तर वचनं काढून एकमेकांना दाखवण्याने ते संपणार नाही. ही माझी अटकळ आहे, खात्री नाही. पण त्याच्याशी बोलाल तेव्हा "तू आईबद्दल असं का म्हणालास?" एवढं विचारून खरोखर ऐका. ऐकण्यापूर्वी उत्तर देणं मूर्खपणाचं आणि लाजिरवाणं आहे, असं नीतिसूत्रांत स्पष्ट आहे (१८:१३).

तर मग सत्याचं काय, हा तुमचा दुसरा प्रश्न. संयम म्हणजे मिळमिळीतपणा अशी भीती तुमच्या लिहिण्यात दिसते. अंत्युखियात पेत्र यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांच्या पंक्तीतून उठून वेगळा बसू लागला तेव्हा पौलाने सगळ्यांसमोर त्याला अडवलं. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हे आहे. उघड अडवलं, कारण कृत्य उघड होतं आणि त्याने इतर लोक वाकडे वळत होते. पण तोंडावर अडवलं, हे महत्त्वाचं. गलतीच्या लोकांना त्याने ते नंतर कळवलं, पेत्राला आधी.

आपल्या पंडिता रमाबाईंचंच बघा. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढच्या एक-दोन वर्षांतच, मंडळीचा अधिकार मोठा की स्वतःची विवेकबुद्धी, यावर तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रांतून कडक वाद झाला. देवाने मला सदसद्विवेक, मन आणि निर्णयशक्ती दिली आहे, ती मीच वापरणार, असं त्यांनी १८८५ मध्ये ठणकावून लिहिलं. परक्या देशात, ज्यांच्या आसऱ्याने राहायचं त्यांनाच. यात मिळमिळीत काही नाही. पण हे त्यांनी जेराल्डिनबाईंनाच लिहिलं, आणि पत्रांतून त्या त्यांना 'आजीबाई' म्हणत. मतभेदात नात्याचं संबोधन टिकवणं ही छोटी गोष्ट नव्हे. माझ्यासमोर बसलेल्या दोन भावांचं 'तू' बदलून 'तुम्ही लोक' होतं तेव्हा मी बोलणं थांबवते, कारण तिथून पुढे ते भावाशी बोलत नसतात, भावाच्या मंडळीशी बोलत असतात.

काय धरून ठेवायचं आणि कुठे मोकळीक द्यायची, हे मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे. येशू ख्रिस्त प्रभू आहे की नाही, तो मेलेल्यांतून उठला की नाही, हा एक थर. बाप्तिस्मा केव्हा आणि किती पाण्यात, हा दुसरा. तुमच्या भावाला हा दुसरा थर पहिल्याइतकाच मोठा वाटत असेल, म्हणून "ही किरकोळ गोष्ट आहे" असं त्याला म्हणू नका. त्याच्यासाठी ती किरकोळ नाही. पण तुम्हाला स्वतःला हे माहीत असलेलं बरं की याच प्रश्नावर समजूतदारपणे एकत्र राहिलेल्या मंडळ्या आहेत. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. त्यांत बाळांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते आणि फक्त कळत्या वयात विश्वासाने येणाऱ्यांना बाप्तिस्मा देणारे बॅप्टिस्टही होते. दोन्ही पद्धती मान्य करून ते एका छताखाली आले. त्याआधीच्या वाटाघाटी १९२९ पासून चालल्या होत्या. इतकी वर्षं टेबलापाशी बसून बोलत राहिलेल्या माणसांचा हा वारसा आहे, आणि तुम्ही दोघे एका संध्याकाळी तो प्रश्न निकालात काढायला निघाला होता.

एका ठिकाणी मात्र संयमाचा सल्ला मी देत नाही. मंडळीच्या पैशाचा गैरव्यवहार, कुणा बाईला त्रास, लेकरांशी गैरवर्तन, अशा गोष्टीत "ऐक्य राखा, बोलू नका" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. मुलांच्या बाबतीत तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे माहिती असणाऱ्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. अशा वेळी मत्तय १८ काढून "आधी एकांतात जाऊन समजाव" असं पीडित माणसालाच सांगणारे मी पाहिले आहेत, आणि तो वचनाचा फार वाईट वापर आहे. तुमचा मामला तसला नाही, म्हणून पुढे जाते.

आता करायचं काय ते.

येता एक आठवडा भावाविषयी त्याच्या पाठीमागे तुम्ही काय बोलता ते रात्री एका वहीत लिहा. त्याच्या आवाजाची नक्कल, त्याच्या टाळ्या वाजवून गाण्यावरची टिप्पणी, 'हालेलुयावाले' हा शब्द, सगळं. सुधारायचं नाही, फक्त लिहायचं. मी हे अनेकांना करायला लावते आणि बहुतेकांना यादीची लांबी बघून धक्का बसतो. मग दुसऱ्या आठवड्यापासून घरात एक नियम: काका जेवायला बसले असते तर जे बोललो असतो तेवढंच बोलायचं. तुमचा मुलगा अठरा वर्षांचा आहे असं तुम्ही लिहिलंय. तो काकाशी अजून फोनवर बोलतो. त्याच्यासमोर काकाची टर उडाली की त्याला दोघांतला एक निवडावा लागतो, आणि हे ओझं त्याच्यावर टाकण्याचा आपल्याला अधिकार नाही.

याचा अर्थ मनात कोंडून ठेवा असा नाही. मन मोकळं करायला एक माणूस हवाच. पत्नी असेल, पाळक असतील. पण एकच, आणि असा की तुमचं ऐकून झाल्यावर "मग हे त्याला कधी सांगणार?" असं विचारेल. "बरोबर आहे तुझं, तो आहेच तसा," म्हणणाऱ्यापाशी गेलात की पुढचं धारदार वाक्य तयार झालंच म्हणून समजा. फिलिप्पैच्या मंडळीत युवदीया आणि सुंतुखे या दोन बायकांचं बिनसलं होतं. पौलाने प्रत्येकीला वेगळी विनंती केली, कुणाची बाजू घेतली नाही, त्या दोघी सुवार्तेसाठी खांद्याला खांदा लावून झटल्या आहेत हे सगळ्यांसमोर लिहिलं, आणि तिथल्या एका सोबत्याला सांगितलं की त्यांना मदत कर (४:२-३). मधला माणूस निवडायचा तर असा.

प्रत्यक्ष त्या क्षणासाठी माझ्याकडे फार काही नाही, आणि जो कुणी दहापर्यंत आकडे मोजायला सांगतो त्याच्याकडेही नसतं. एकच गोष्ट उपयोगी पडताना पाहिली आहे: आधीपासून पाठ केलेलं एक वाक्य. "मी आत्ता बोललो तर तुला दुखवेन. उद्या संध्याकाळी आपण दोघंच भेटू." यात दुसरा भाग पहिल्याइतकाच लागतो. वेळ न सांगता उठून गेलात तर समोरचा ते तिरस्कार म्हणून घेतो. आणि भ्याडपणाचा तुमचा प्रश्न इथे सुटतो. जेवणाच्या ताटावर गप्प बसलात आणि रात्री अकराला बहिणीला फोन करून सगळं ओकलात, तर तो संयम नव्हे. ताटावर गप्प बसलात आणि दोन दिवसांनी त्याला एकट्याला गाठून स्पष्ट बोललात, तर त्यात भ्याडपण कुठलं आलं?

भेट कुठे, हेही बघा. घरी नको, तिथे आईचा फोटो आहे आणि बायकामुलं दाराआड ऐकत असतात. त्याच्या किंवा तुमच्या चर्चच्या आवारात तर नकोच. कमाटीबागेत सकाळी चालायला जा. शेजारी शेजारी चालताना डोळ्याला डोळा भिडत नाही, मध्ये थांबता येतं, आणि श्रोते नसतात. माणूस श्रोत्यांसाठी जेवढं वाईट बोलतो तेवढं एकट्यासाठी बोलत नाही. वेळेचंही तेच. इथल्या एका मंडळीत उपासना मराठीत ठेवायची की गुजरातीत, यावरून पास्टरेट कमिटीत फार कडवट बोललं जायचं. वडीलधाऱ्यांना 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातली गाणी मराठीतच हवी, इथेच वाढलेल्या मुलांना मराठी वाचताही येत नाही. दोन्ही बाजू खऱ्या. मीटिंग रविवारी उपासनेनंतर, दुपारी एकच्या सुमाराला, सगळे उपाशी आणि निम्म्यांना मधुमेह. ती शनिवारी संध्याकाळी चहा-नाश्त्यानंतर ठेवली, आणि आपलं मत मांडण्याआधी समोरच्याची गरज त्याला पटेल अशा शब्दांत सांगायची, असा नियम केला. वाद मिटला नाही. अखेरीस जो तोडगा निघाला तो काही कुटुंबांना आवडला नाही आणि ती दुसरीकडे गेली. पण ती कुणाच्या अपमानामुळे गेली नाहीत, आणि आजही नाताळात त्यांच्या करंज्या येतात.

आता माफी. मत्तय ५ मधलं वेदीजवळ दान ठेवून आधी भावाकडे जाण्याचं वचन तुम्हाला पाठ असेल. तिथे येशू असं म्हणत नाही की चूक कुणाची जास्त ते आधी ठरवा. तुम्ही माफी मागायची ती तुमच्या शब्दांची आणि जागेची. मताची नाही. म्हणूनच सत्य सोडावं लागत नाही. फोन करा आणि एवढंच म्हणा: "आईच्या स्मरणदिनी मी सगळ्यांसमोर तुझ्या विश्वासाची आणि तुझ्या पास्टरांची टर उडवली. मी तसं बोलायला नको होतं. मला माफ कर." या वाक्यानंतर 'पण' येऊ देऊ नका. "माझं मत मात्र तेच आहे" हेही जोडू नका. तुमचं मत त्याला माहीत आहे. त्याने स्वतःच्या वाक्याची माफी मागितली नाही तरी त्या फोनवर ती काढू नका. आणि बोललात सगळ्यांसमोर, म्हणून त्या दिवशी हजर असलेल्या नातलगांनाही एक साधा निरोप द्या की मी चुकीचं बोललो आणि त्याची माफी मागितली आहे. हे जड जातं, मला माहीत आहे. मोठ्या भावाला जास्तच जड जातं.

फोन नाताळच्या आठवड्यात करू नका, तेव्हा तो सणापुरता वाटेल. डिसेंबर लागायच्या आधीच करा. त्याने उचलला नाही तर मेसेजवर माफी लिहू नका, फक्त "फोन केला होता, बोलायचं आहे" एवढं लिहा. यरुशलेमेच्या सभेने एवढा मोठा निर्णय कागदावर लिहिला, तरी यहूदा आणि सीला यांना सोबत धाडलं, की तोंडी सांगतील. लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो, आणि दुखावलेला माणूस त्यात आपल्याच मनातला आवाज भरतो. चार वेळा प्रयत्न करूनही तो बोलला नाही, तर तुमच्याकडून होईल तेवढं तुम्ही केलं. रोमकरांस पत्राचा बारावा अध्याय तेवढंच मागतो: शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं.

नाताळच्या दिवशी बाप्तिस्म्याचा विषय नको, त्याने काढला तरी. "जानेवारीत बसू या," म्हणा आणि खरंच बसा. जेवणाआधीची प्रार्थना तुमच्या घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला करू द्या, नाहीतर सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणा. त्यात कुणाला आपलं वाक्य घालता येत नाही.

जानेवारीत बसाल तेव्हा एक करून बघा. तुम्ही त्याची वचनं अभ्यासून जा: रोमकरांस ६:३-४, प्रेषितांची कृत्ये ८:३६-३८, मार्क १६:१६. त्याला तुमची वाचून यायला सांगा: प्रेषितांची कृत्ये १६:१५ आणि १६:३३, जिथे लुदियाच्या आणि तुरुंगाच्या नायकाच्या सगळ्या घराण्याचा बाप्तिस्मा झाला, शिवाय कलस्सैकरांस २:११-१२. मग तुम्ही त्याची बाजू मांडा, त्याने तुमची मांडायची, आणि ती बरोबर मांडली की नाही हे ज्याची बाजू त्याने सांगायचं. पहिल्या बैठकीत एवढंच करा. कोण बरोबर, हे दुसऱ्या बैठकीला ठेवा.